आखाजीच्या गाण्यांची हार्ड डिस्क बिघडली आहे : दुरुस्तीचे कोणते सॉफ्टवेअर चालवावे?

बोरीकाठ
सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत शिकवते. २०११ ते २०१६ या सहा वर्षांत आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला जिथे जिथे जाणे झाले, तिथे मी एक छोटा रेकॉर्डर सोबत नेला आणि अमळनेर, पारोळा, शिंदखेडा व शिरपूर या तालुक्यांतल्या बायकांकडून गौराईची गाणी, झोक्यावरची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या अहिराणीत जशा म्हटल्या जातात तशाच नोंदवून घेतल्या. सगळे मिळून ६२ तासांचे रेकॉर्डिंग आहे. गाणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत. माझी आत्या, जिच्या एकटीच्या ओव्या चार तासांच्या आहेत, तीही मागच्या वर्षी गेली. हे सारे १ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही.

गेल्या आठवड्यापासून डिस्क जोडली की संगणक अडकतो, फोल्डर उघडायला दहा-दहा मिनिटे लागतात, आणि परवा तर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला. मी फॉरमॅट केले नाही. तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवले असता त्यांनी डिस्क दुरुस्त करणारे एक सॉफ्टवेअर चालवले. तीन तासांत ते तीन टक्क्यांपर्यंत पोहोचले, ‘४१ खंड दुरुस्त केले’ असा अहवाल त्याने दिला आणि मग ते पुढे सरकेना. दुकानदार म्हणाले की रात्रभर चालू ठेवले तर सगळी डिस्क दुरुस्त होईल, पण मी ती घरी घेऊन आले.

याहून चांगले, वेगाने चालणारे दुरुस्तीचे सॉफ्टवेअर कोणते, हे कृपया सांगावे.

तापीतीर
सोमवार, रात्री ९.३५

ताई, डिस्क आत्ता जोडलेली असेल तर काढून ठेवा आणि पुढचे वाचेपर्यंत पुन्हा जोडू नका. तुम्ही डिस्क घरी आणलीत, हे फार चांगले केले.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की कोणतेच दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवू नका. ‘दुरुस्त’ हा शब्द इथे फसवतो. डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे साठवणीचा एक छोटा तुकडा, वाचता येईनासा झाला की डिस्क त्याची नोंद ‘प्रलंबित’ म्हणून करते आणि त्या जागी कोणी काही नवे लिहीपर्यंत वाट पाहते. नवे लिहिले गेले की ती जागा चांगली आहे का हे डिस्क तपासते. चांगली असेल तर तीच वापरते, नसेल तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर तिच्या नावावर लावते. दोन्ही प्रकारे सेक्टर ‘दुरुस्त’ होतो, परंतु त्यात आधी जे होते ते गेलेले असते. दुरुस्ती जागेची होते, मजकुराची नाही. काही सॉफ्टवेअर लिहिण्याआधी तोच सेक्टर शेकडो वेळा वाचून पाहतात आणि त्यातून कधी कधी मजकूर हातीही लागतो, पण ज्या डिस्कचे हेडच, म्हणजे तबकडीवरून मजकूर वाचणारे टोकच, अशक्त झाले आहे, तिला एकाच जागी शेकडो वेळा राबवले तर उरलेली चांगली जागा वाचण्याआधीच ती बंद पडू शकते.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यायची आणि जी काही दुरुस्ती करायची ती त्या प्रतीवर. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही.

दोन गोष्टी सांगा. डिस्क जोडल्यावर तिचा आवाज कसा येतो? नेहमीची घरघर आहे, की ठरावीक अंतराने टक्-टक् असे ठोके पडतात? आणि दुकानात त्यांनी डिस्कचे ‘स्मार्ट’ आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहिले होते का?

गिरणाथडी
सोमवार, रात्री १०.०५

तापीतीर यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो की माझा अनुभव वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पेनड्राइव्हवर हाच फॉरमॅटचा संदेश येत होता. विंडोजमधलाच चेकडिस्क चालवला आणि पाच मिनिटांत सगळ्या फाइली परत दिसू लागल्या. ताईंनी एवढा साधा उपाय करून पाहायला काय हरकत आहे?

तापीतीर
सोमवार, रात्री १०.३०

तुमचा अनुभव खरा आहे, फक्त तो वेगळ्या आजाराचा आहे. तुमच्या पेनड्राइव्हची बांधणी शाबूत होती आणि बहुधा ती मध्येच उपटल्यामुळे फाइलींची यादी विस्कटली होती. चेकडिस्क ती यादी नीट लावतो, आणि निरोगी माध्यमावर ते काम तो चांगले करतो. ताईंच्या डिस्कवर मात्र यादी विस्कटलेली नसून ती ज्या कागदावर लिहिली आहे तो कागदच फाटत चालला आहे. अशा वेळी चेकडिस्कला यादीचा जो भाग वाचता येत नाही, तो चुकीचा समजून तो छाटतो, आणि एरवी सापडल्या असत्या अशा फाइली ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये निनावी तुकडे होऊन पडतात. तो हे सगळे मूळ डिस्कवर लिहून करतो, त्यामुळे परतीची वाट राहत नाही.

केळीबाग
सोमवार, रात्री १०.५०

आमच्या रावेरला एकाने हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती आणि सकाळी ती चालली होती. ताईंनी शेवटचा उपाय म्हणून हे लक्षात ठेवावे.

तापीतीर
सोमवार, रात्री ११.००

कृपया हे करू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर मिनिटाभरात दव धरते, आणि डिस्क पूर्ण हवाबंद नसते, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते. तबकडीपासून हेड अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. तिथे ओलाव्याचा एक थेंबही परवडत नाही.

बोरीकाठ
मंगळवार, सकाळी ७.२०

सर्वांचे आभार. रात्री नीट झोप लागली नाही, पण डिस्क कपाटात ठेवून दिली आहे.

आवाज नेहमीचाच आहे, ठोके नाहीत. अधूनमधून मात्र कोणी खडूने फळ्यावर बारीक रेघ ओढावी तसा एक आवाज येतो आणि त्याच वेळी संगणक अडकतो. दुकानात दुरुस्ती सुरू करण्याआधी त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडले होते आणि मी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला होता. पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा आहे. ०५ या ओळीत सगळी शून्ये आहेत, सी५ या ओळीच्या शेवटी १सी८ असे आहे, सी७ मध्ये शून्ये आहेत. हे आकड्यांमध्ये अक्षर कसे आले, ते कळले नाही.

तापीतीर
मंगळवार, सकाळी ८.१५

फोटो काढलात म्हणून आज डिस्क पुन्हा फिरवण्याची गरज पडली नाही.

हे सॉफ्टवेअर मूळ आकडे सोळा अंकांच्या पद्धतीने दाखवते, तिथे दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात, म्हणून अक्षर दिसते. सी५ म्हणजे १९७ क्रमांकाची ओळ, अर्थात प्रलंबित सेक्टरांची संख्या, आणि १सी८ म्हणजे ४५६. तेवढे सेक्टर वाचता आलेले नाहीत असे डिस्क स्वतः सांगते आहे, आणि ही फक्त तिने आजवर हात लावलेल्या जागांपुरती गणती आहे. ०५ ही बदलून घेतलेल्या सेक्टरांची ओळ शून्य आहे, म्हणजे फोटो काढेपर्यंत तिथे नवे काही लिहून जागा बदललेली नव्हती. सी७ ही केबलमधून येणाऱ्या चुकांची ओळ. ती शून्य असल्यामुळे केबल बदलून हा प्रश्न सुटणार नाही. ठोके पडत नाहीत, डिस्क ओळखली जाते, आकारही बरोबर दिसतो, तेव्हा घरी प्रत घेण्याचा प्रयत्न करण्यासारखी ही स्थिती आहे.

ठोके पडत असते किंवा डिस्क फिरतच नसती, तर मी तुम्हाला इथे एकही सॉफ्टवेअर सुचवले नसते. त्या अवस्थेत डिस्क निर्धूळ खोलीतच उघडायची असते आणि ते काम प्रयोगशाळेचे आहे. पुढे कोणत्याही टप्प्यावर ठोके सुरू झाले तर लगेच थांबायचे, हे आजच मनाशी ठरवून ठेवा.

आता साहित्य सांगतो. एक नवी ४ टीबीची डिस्क घ्या. २ टीबी पुरेल असे वाटते, पण आपल्याला पुढे प्रतीचीही प्रत लागणार आहे, आणि १ टीबीच्या दोन पूर्ण प्रती २ टीबीमध्ये मावत नाहीत. तिच्यावर एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट असावा, कारण फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. एक पेनड्राइव्ह घ्या आणि त्यावर सिस्टमरेस्क्यू हे मोफत लिनक्स टाका. डिस्क जोडताक्षणी विंडोज ती उघडून पाहू लागते आणि नकळत तिच्यावर लिहितेही. सिस्टमरेस्क्यू आपण सांगितल्याशिवाय तिला हात लावत नाही. प्रत घेण्याचे साधन त्यातच आहे. त्याचे नाव जीएनयू डीडीरेस्क्यू, ते आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेले आहे आणि ते विनामूल्य आहे.

त्याचे वैशिष्ट्य असे की ते अडलेल्या जागी हटून बसत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते ते सगळे उचलते आणि अडचण आली की ती जागा सोडून पुढे उडी मारते. नंतरच्या फेऱ्यांत सोडलेल्या जागांच्या कडा कातरते, आणि त्यानंतरच उरलेले एकेक सेक्टर खरवडते. कोणती जागा वाचली, कोणती राहिली, याची नोंद ते ‘मॅपफाइल’ नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवत जाते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. लॅपटॉप असेल तर तोच वापरा.

अरुणावती
मंगळवार, सकाळी ९.००

ताई, मी शिरपूरची. तुमच्या यादीत आमच्या भागातल्या झोक्याच्या गाण्यांचा उल्लेख वाचून राहवले नाही. तांत्रिक मदत मला करता येणार नाही, पण नवी डिस्क धुळ्याहून आणायची असेल तर माझा भाऊ रोज जातो-येतो. जरूर सांगा.

लळिंग
मंगळवार, दुपारी १.४०

एक शंका आहे. फोटोरेक नावाचे सॉफ्टवेअर मी वापरले आहे आणि त्याने पुष्कळ फोटो परत मिळाले होते. तेच थेट का चालवू नये?

तापीतीर
मंगळवार, दुपारी २.१०

फोटोरेक उत्तम आहे, पण ते हात टेकल्यानंतरचे साधन आहे. ते फाइलींच्या यादीकडे पाहतच नाही. ते प्रत्येक जागी फाइलीच्या सुरुवातीची खूण शोधत जाते, जसे जेपेगच्या आरंभी एफएफ डी८ एफएफ हे तीन बाइट असतात, किंवा वेव्ह फाइलीच्या आरंभी ‘रिफ’ ही चार अक्षरे. यात फाइल मिळते, पण तिचे नाव आणि फोल्डर मिळत नाही. ताईंच्या संग्रहात कोणते गाव, कोणती बाई, कोणता सण हे फोल्डरच्या नावातच लिहिलेले असणार. नावे गेली तर ६२ तासांचे निनावी आवाज हाती राहतील. म्हणून यादीसकट प्रत घेण्याचा प्रयत्न आधी. फोटोरेक लागलेच तर तेही प्रतीवर चालवायचे.

बोरीकाठ
मंगळवार, रात्री ८.३०

हो, नावे फोल्डरमध्येच आहेत. दुसरीकडे कुठेही लिहिलेली नाहीत.

अरुणावतीताई, तुमच्या भावाचे मनापासून आभार. डिस्क उद्या मिळेल. तापीतीर दादा, एक विचारते. माझ्या डिस्कचा बाहेरचा प्लास्टिकचा डबा काढून आतली डिस्क थेट जोडावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे.

तापीतीर
मंगळवार, रात्री ९.०५

डब्याच्या आत साधी साटा जोडणी (संगणकाच्या आतल्या डिस्कांची नेहमीची जोडणी) असेल तर थेट जोडणे खरोखर चांगले, कारण यूएसबीचा मधला सर्किट बोर्ड चुका आल्या की वारंवार अडकतो. परंतु अलीकडच्या पुष्कळ पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबीचे तोंड डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावरच झाळलेले असते, तिथे डबा उघडून काही मिळत नाही. काही बनावटींमध्ये तर तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी बोर्ड सगळा डेटा कूटबद्ध करूनच तबकडीवर लिहितो. तो बोर्ड बदलला की वाचलेले सगळे अर्थहीन होते. तेव्हा डबा तसाच राहू द्या.

उद्या काम सुरू करताना एका गोष्टीकडे जिवापाड लक्ष द्या. मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती, हे केवळ आकारावरून न ठरवता तिच्यावर छापलेला अनुक्रमांक पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आज्ञेत आधी मूळ, मग प्रत, मग मॅपफाइल असा क्रम असतो, आणि तो उलटला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. आज्ञा कागदावर लिहा, शेजारच्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच एंटर दाबा. मॅपफाइल नव्या डिस्कवरच ठेवा, पेनड्राइव्हवरच्या चालू लिनक्समध्ये ठेवली तर संगणक बंद होताच ती नाहीशी होते.

पहिल्या फेरीत खरवडणे बंद ठेवणारा पर्याय द्या. आणि काम रात्रीच करा. दिवसा पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत ही डिस्क सहज तापेल. टेबलफॅन लावा, पण पाण्याचा कूलर तिच्यावर सोडू नका.

बोरीकाठ
गुरुवार, सकाळी ६.५०

काल रात्री आठ वाजता सुरू केले. आज्ञा वहीत लिहिली, मुलाला वाचून दाखवली, अनुक्रमांक दोघांनी मिळून दोनदा तपासला. पहिले साडेतीनशे जीबी सरळ गेले, मग वेग एकदम खाली आला, पुन्हा वर आला. दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. लॅपटॉप चालू राहिला, पण पंखा बंद पडला, म्हणून मी काम थांबवले आणि डिस्क काढून ठेवली. पाऊण तासाने वीज आली तेव्हा तीच आज्ञा पुन्हा दिली आणि खरोखरच ते थांबले होते तिथूनच पुढे गेले. आत्ता पहिली फेरी संपली आहे. ९९.२ टक्के वाचले गेले असे दिसते. राहिलेले ८ जीबीच्या आसपास आहे.

आता खरवडायला सुरुवात करू का?

तापीतीर
गुरुवार, सकाळी ७.३०

अभिनंदन, ताई. यातला मोठा भाग आता सुरक्षित आहे. निरोगी डिस्कला याच कामाला सुमारे पावणेतीन तास लागले असते, त्यावरून तिची अवस्था लक्षात येते.

लगेच खरवडू नका. आधी फक्त कडा कातरण्याची फेरी होऊ द्या आणि थांबा. मग डीडीरेस्क्यूव्ह्यू या साधनात मॅपफाइल उघडा. हिरवे म्हणजे मिळालेले. उरलेल्या जागा कुठे आहेत ते मला सांगा.

बोरीकाठ
शुक्रवार, सकाळी ७.१०

कातरून झाले. आता १.६ जीबी उरले आहे. नकाशात हिरव्या रंगावर ठरावीक अंतराने बारीक पट्टे आहेत, इरकली लुगड्याच्या काठासारखे.

तापीतीर
शुक्रवार, सकाळी ८.००

ठरावीक अंतराने पट्टे याचा अर्थ बहुतेक असा की अनेक हेडांपैकी एक अशक्त झाले आहे. डिस्क आळीपाळीने एकेका हेडाने लिहीत जाते, त्यामुळे एका हेडाची पाळी येते तेवढ्याच जागी पट्टा दिसतो. म्हणूनच सगळे १.६ जीबी खरवडायचे नाही. तुमची डिस्क तिसरा हिस्सासुद्धा भरलेली नसेल तर यातल्या पुष्कळ पट्ट्यांत मुळात काहीच नाही, आणि रिकाम्या जागेसाठी अशक्त हेडाला दोन-तीन दिवस घासणे योग्य नाही.

मूळ डिस्क कपाटात ठेवा. मिळालेल्या प्रतीची एक प्रत करा. या दुसऱ्या प्रतीत, जिथे जिथे वाचता आले नाही तिथे तिथे ओळखू येईल असा एखादा शब्द भरायचा. डीडीरेस्क्यूमध्ये त्यासाठी भरण्याची वेगळी सोय आहे. मग ही दुसरी प्रत केवळ वाचण्यापुरती उघडायची आणि तो शब्द कोणकोणत्या फाइलींत सापडतो ते शोधायचे. ज्यात सापडला त्या फाइली जखमी, बाकीच्या धडधाकट.

बोरीकाठ
शनिवार, रात्री ११.१५

फोल्डर उघडले. सगळी नावे आहेत. गावे, बायकांची नावे, तारखा, सगळे जसेच्या तसे. माझ्या हातून बराच वेळ पुढे काही झाले नाही.

शोध पूर्ण केला. एकूण १७ फाइली जखमी आहेत, त्यांतल्या ११ फोटोंच्या, तीन व्हिडिओच्या आणि तीनच आवाजाच्या. मात्र त्यातली एक ऐकून पाहिली तर गाण्याच्या मध्येच भयंकर खरखर ऐकू आली. आता ती फाइल गेली का?

तापीतीर
रविवार, सकाळी ८.४०

गेली नाही. तुम्ही खुणेचा शब्द भरलेली प्रत ऐकलीत, ती खरखर म्हणजे तो शब्दच आवाज म्हणून वाजला. पहिली स्वच्छ प्रत ऐका, तिथे त्या जागी शांतता असेल.

तुम्ही वेव्ह स्वरूपात रेकॉर्ड केलेत, हे फार हिताचे झाले. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ अशा रेकॉर्डिंगला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, तुमचे ६२ तास मिळून सुमारे ३९ जीबी होतात. ४,०९६ बाइटांचा एक खंड गेला तर आवाज जातो सेकंदाच्या शेकडा सव्वादोन-अडीच भागाएवढाच, आणि त्याच्या मागचे-पुढचे काहीच बिघडत नाही. फोटोचे तसे नसते. जेपेगमध्ये पुढचा मजकूर मागच्यावर अवलंबून असतो, त्यामुळे मध्ये एक खंड गेला तरी खालचे सगळे चित्र करडे होते किंवा सरकते. व्हिडिओत तर फाइलीची अनुक्रमणिका असलेला भाग गेला तर ती सुरूच होत नाही. त्यासाठी त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाचे साधन वापरून पाहता येते.

आता मूळ डिस्कवर फक्त त्या तीन आवाजाच्या फाइलींच्या जागा नेमून देऊन, उलट्या दिशेने, तीनच वेळा प्रयत्न करा. अधिक नको.

पांझराकाठी
रविवार, सकाळी १०.२०

मी हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे आणि काल माझी डिस्क तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो निळ्या रंगात ‘चांगली’ म्हणते. म्हणजे मला काळजीचे कारण नाही ना?

तापीतीर
रविवार, सकाळी १०.४५

इशारा आला तर तो गंभीर समजावा, पण इशारा नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. उलट तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट आढळली. दुसरी प्रत आजच करा.

बोरीकाठ
सोमवार, रात्री ९.५०

तीनपैकी दोन फाइली पूर्ण मिळाल्या. तिसरीत २१२ खंड राहिले, म्हणजे पाच सेकंदांना किंचित कमी. ती जागा शिंदखेड्याच्या फाइलीत, दोन गाण्यांच्या मध्ये बायका आपसात बोलतात तिथे आहे. तिसऱ्या प्रयत्नात एकदा टक् असा ठोका ऐकू आला आणि मी लगेच डिस्क काढली. आता ती पुन्हा जोडणार नाही.

पण एक गोष्ट समजत नाही. आत्याच्या ओव्यांची एक फाइल धडधाकट यादीत आहे, तिच्यात खुणेचा शब्द सापडलेला नाही. तरीही स्वच्छ प्रत ऐकताना एका ओवीत मध्येच एक शब्द नाही. जात्याची घरघरही त्या क्षणी थांबते आणि लगेच पुढे सुरू होते.

तापीतीर
सोमवार, रात्री १०.३०

ताई, हे मला आधीच सांगायला हवे होते. दुकानातल्या सॉफ्टवेअरने ४१ खंड ‘दुरुस्त’ केले होते. त्याने तिथे शून्ये लिहिली असतील तर त्या जागा आता निर्धोक वाचता येतात, डीडीरेस्क्यूला तिथे कोणतीच अडचण दिसत नाही, आणि मॅपफाइलमध्ये त्या मिळालेल्या म्हणूनच नोंदवल्या जातात. न वाचलेल्या जागेची निदान नोंद तरी राहते. या जागांची तीही राहिलेली नाही.

त्या शोधण्याचा एक मार्ग आहे. उघड्या ओसरीत केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण शांतता कधीच नसते, कोणी बोलत नसले तरी माइक काही ना काही टिपतच असतो. त्यामुळे सलग ४,०९६ बाइट निव्वळ शून्य असणे जवळजवळ अशक्य. सगळ्या वेव्ह फाइलींत अशी शून्यांची सलग जागा शोधणारी छोटी आज्ञा मी तुम्हाला संदेशात लिहून पाठवतो. ती स्वच्छ प्रतीवरच चालवा, आणि शिंदखेड्याच्या फाइलीतली आपल्याला ठाऊक असलेली जागा वगळून मोजा.

बोरीकाठ
मंगळवार, रात्री १०.०५

आज्ञा चालवली. आवाजाच्या सगळ्या फाइलींत मिळून असे २९ खंड सापडले आणि ते सलग, एकाच ठिकाणी आहेत. आत्याच्या त्याच ओवीत. हिशेब केला तर सेकंदाचे दोन तृतीयांश होतात. उरलेले बारा बहुधा फोटोंत किंवा रिकाम्या जागेत असावेत.

दुकानदारांवर माझा राग नाही. त्यांनी मदत म्हणूनच केले आणि मीच शेजारी बसून टक्के वाढण्याची वाट पाहत होते.

अरुणावती
मंगळवार, रात्री १०.४०

ताई, ती ओवी आत्याच्या लेकीसुनांपैकी कोणाला येत असेल का?

बोरीकाठ
गुरुवार, रात्री ९.२०

अरुणावतीताई, तुमच्या प्रश्नामुळेच मी काल आत्याच्या मुलीला फोन केला. मी गेलेल्या शब्दापर्यंतची ओळ म्हणून थांबले आणि तिने क्षणाचाही विलंब न लावता पुढचा शब्द म्हटला, मग सगळी ओवी आईच्या चालीवर म्हटली. रविवारी तिच्याकडे जाऊन ती नीट रेकॉर्ड करून घेणार आहे. मुलाचे म्हणणे की तिचा शब्द त्या जागी बसवून टाकावा. आपले मत काय?

लळिंग
गुरुवार, रात्री ९.४५

बसवू नये. पुढे कोणी या ओव्यांचा अभ्यास केला तर त्याला तो आवाज आत्याबाईंचाच वाटेल.

तापीतीर
गुरुवार, रात्री १०.००

लळिंग यांच्याशी सहमत आहे. मूळ फाइल आहे तशी ठेवा, मुलीची फाइल वेगळी ठेवा, आणि दोन्हींच्या शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवून त्यात काय गेले, कसे गेले, ते लिहा. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा खुणेचा आकडा, काढून त्याची यादीही सोबत ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी प्रत जशीच्या तशी आहे की नाही हे ताडून पाहता येईल. आणि पुढच्या प्रती कुठे ठेवणार, ते ठरवले का?

बोरीकाठ
रविवार, रात्री ८.१५

एक प्रत घरी, एक अरुणावतीताईंच्या आग्रहावरून शिरपूरला त्यांच्या घरी, आणि आवाजाच्या फाइलींची एक प्रत ऑनलाइन चढवणे सुरू आहे. आमच्याकडच्या वेगाने त्याला अजून चार-पाच रात्री लागतील. फोल्डरची सगळी नावे मुलाने वहीतही उतरवून काढली आहेत.

आत्याच्या मुलीची ओवी आज दुपारी रेकॉर्ड केली. तिने त्यासाठी माळ्यावरून जाते खाली काढून घेतले होते, कारण जात्याशिवाय चाल लागत नाही असे ती म्हणाली. आत्याच्या फाइलीशेजारी नोंद ठेवली आहे : ‘११ मिनिटे ४२ सेकंदांवर एक शब्द नाही. डिस्क दुरुस्त करताना गेला. तो शब्द मुलीच्या आवाजात पुढच्या फाइलीत आहे.’